गिअरबॉक्स मेला की झोपला? जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं निदान आणि दुरुस्ती

(खुलताबाद येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्त्यांनी तीस वर्षे गिअरबॉक्स दुरुस्तीचे काम केले आहे. त्यांच्या बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



मला व्यासपीठाची सवय नाही. आयुष्य गाडीखाली आडवं पडून काम करण्यात गेलं, त्यामुळे असं उभं राहून बोलायला जरा अवघड जातंय. पण संयोजक म्हणाले, "गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाला जे सांगता तेच इथं सांगा." तेव्हा तेच सांगतो.

विषय आहे जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स 'गेला', तर काय करायचं. तुम्ही म्हणाल, आपल्या तालुक्यात अशा गाड्या किती? पूर्वी नव्हत्याच. नव्वदच्या दशकात झेन ऑटोमॅटिकमध्ये आली होती, पण ती बघायलासुद्धा शहरात जावं लागायचं. आता दहा-पंधरा वर्षं जुन्या ऑटोमॅटिक गाड्या स्वस्तात मिळतात. आणि त्या घेणारी माणसं कोण असतात, ते बघा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, वय झालेले, डावा पाय साथ देत नाही म्हणून क्लच दाबता येत नाही असे. अशा माणसाची गाडी बंद पडली, की त्याचं घराबाहेर पडणं बंद होतं. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट सांगतो. त्यांना आपण सर म्हणू. त्यांची २००९ ची छोटी गाडी, चार गिअरची ऑटोमॅटिक. एका रविवारी शहरातून खुलताबादला येत होते. दौलताबादच्या जुन्या दरवाजापाशी नेहमीची कोंडी. त्यातून सुटून घाट चढायला लागले, तोच गाडीनं एक झटका दिला. मग गिअर बदलेनाच. पिकअप गेला, समोर पिवळा दिवा लागला. कशीबशी वर आणली. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथं सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, पूर्ण बदलावा लागेल." आकडा लाखाच्या वर. गाडी विकली तरी तेवढे पैसे येणार नव्हते. सर माझ्याकडे आले ते दुरुस्तीला नाही, 'भंगारात कितीला जाईल' हे विचारायला.

ती गाडी आजही चालते. कशी, ते सांगायच्या आधी त्या डब्याच्या आत काय असतं ते समजून घेऊ. ते समजलं नाही, तर पुढचं सगळं जादूटोण्यासारखं वाटेल.

डब्याच्या आत

आपल्या सगळ्यांनी शहरातली पाणचक्की पाहिलेली आहे. डोंगराकडचं पाणी नहरीनं आणायचं, ते वरून पात्यांवर सोडायचं, पाती फिरली की वरचं जातं फिरतं. नहर-ए-अंबरीची कल्पना ज्या मलिक अंबरची, त्याची कबर इथं खुलताबादेतच आहे. म्हणजे वाहत्या पाण्यानं चाक फिरवणं ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी अशीच एक बंद पाणचक्की असते. फक्त पाण्याऐवजी तेल. तिला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. समजा, दोन पंखे समोरासमोर ठेवलेत. एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरायला लागतो. तसंच इथं. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सच्या शाफ्टला, आणि मध्ये तेल. दोघांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही. दोन पंख्यांच्या मध्ये तिसरं एक छोटं चाक असतं, स्टेटर. परत येणाऱ्या तेलाला ते वळवून योग्य दिशेनं ढकलतं. त्यामुळे गाडी जागेवरून उचलताना इंजिनाचा जोर साधारण दुप्पट होऊन चाकांकडे जातो. तेलानं शक्ती पोहोचवायची ही कल्पना हर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरची. १९०५ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नाही, जहाजांसाठी.

त्याच्या पुढे गिअर. मॅन्युअल गाडीत आपण दांडा सरकवतो आणि वेगळी जोडी लागू होते. इथं ग्रहचक्र असतं. मध्ये एक सूर्य, त्याच्याभोवती फिरणारे लहान ग्रह, आणि सगळ्यांना वेढणारी दातेरी कडी. या तिघांपैकी एकाला धरून ठेवायचं, दुसऱ्याला फिरवायचं, की तिसऱ्याकडून वेगळा वेग मिळतो. कोणाला धरलं यावर पहिला, दुसरा की रिव्हर्स, ते ठरतं. काही कंपन्यांनी ग्रहचक्राऐवजी समांतर शाफ्ट वापरले, पण तत्त्व तेच.

आता धरून कोण ठेवतं? क्लच प्लेटांचे गठ्ठे. त्यांना कोण दाबतं? तेलाचा दाब. तो दाब कुणाकडे पाठवायचा हे कोण ठरवतं? व्हॉल्व्ह बॉडी. हा ॲल्युमिनियमचा एक भुलभुलैया आहे, आत तेलाच्या गल्ल्याच गल्ल्या. त्या गल्ल्यांवर विजेवर चालणारे नळ असतात, त्यांना सोलेनॉइड म्हणतात. नळ कधी उघडायचा हे कॉम्प्युटर सांगतो. आणि कॉम्प्युटरला गाडी किती वेगात आहे हे स्पीड सेन्सर सांगतो.

ही साखळी लक्षात ठेवा. सेन्सर, कॉम्प्युटर, सोलेनॉइड, तेलाचा दाब, क्लच प्लेट, गिअर. गाडी चालत नाही, तर दोष या साखळीत कुठंही असू शकतो. पण शेवटची कडी बदलायला सगळ्यात महाग, आणि लोक सुरुवात तिथूनच करतात.

एक खुलासा. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या एका जातीच्या नसतात. २०१४ मध्ये सेलेरियोबरोबर आपल्याकडे जी स्वस्त ऑटोमॅटिक आली, ती एएमटी. म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुल्या असतात. डबल क्लचवाल्यांचं आणखी वेगळं. आज मी बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या गाड्यांबद्दल. आपली गाडी कुठल्या जातीची, हे पहिल्यांदा माहीत करून घ्या.

झोपलेला गिअरबॉक्स

सरांच्या गाडीकडे येऊ. मी पाना हातात घेतला नाही. आधी प्रश्न विचारले.

"रिव्हर्स नीट पडतो का?" "हो."
"थंड असताना होतं की गरम झाल्यावर?" "काही नेम नाही."
"गाडी बंद करून परत चालू केली तर?"

यावर सर जरा थांबले. म्हणाले, "हां, तसं केलं की थोडा वेळ बरी चालते. मग परत झटका."

मंडळी, इथंच अर्धं निदान झालं. जळलेली क्लच प्लेट किल्ली फिरवून बरी होत नाही. किल्ली फिरवल्यावर जे बरं होतं ते विजेचं दुखणं.

होतं असं. कॉम्प्युटरला एखादा सेन्सर चुकीची माहिती द्यायला लागला, की तो विचार करतो, मला गाडीचा वेगच कळत नाही, तर मी गिअर बदलून नुकसान कशाला करू? मग तो सोलेनॉइडचं काम थांबवतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. चार गिअरच्या पुष्कळ गाड्यांत हा तिसरा गिअर असतो. तिसऱ्यावर गाडी उचलायची म्हणजे पिकअप नाहीच, आणि वेग वाढला तर इंजिन ओरडणार. चालवणाऱ्याला वाटतं, गिअरबॉक्स खलास. खरं तर गिअरबॉक्सनं स्वतःला वाचवायला घेतलेला तो पवित्रा असतो. इंग्रजीत त्याला लिंप मोड म्हणतात, म्हणजे लंगडत घरापर्यंत जा. मी आपला म्हणतो, गिअरबॉक्स झोपलाय. आपल्या गावचा भद्रा मारुती निद्रिस्त आहे, तेव्हा झोप म्हणजे काय हे खुलताबादकरांना मी सांगायला नको. झोपलेल्याला उठवायचं असतं, भंगारात द्यायचं नसतं.

स्वस्तापासून महागाकडे

निदानाचा माझा एकच नियम आहे. जे तपासायला पैसे लागत नाहीत ते आधी. गिअरबॉक्स उतरवायचा तो सगळ्यात शेवटी. क्रम असा.

पहिलं, तेल. पट्टी असेल तर काढून बघा. पण कसं बघायचं हे त्या गाडीच्या पुस्तिकेत वाचा, कारण प्रत्येकाचं वेगळं. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून बघतात, काहींत दांडा पार्कमध्ये, काहींत न्यूट्रलमध्ये. होंडाच्या जुन्या गाड्यांत गरम करून, इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटाच्या आत. काही गाड्यांना पट्टीच नसते, खालच्या बोल्टातून पातळी बघावी लागते.

तेल पांढऱ्या कागदावर टिपा. लालसर, स्वच्छ असेल तर छान. तपकिरी म्हणजे म्हातारं झालंय. काळं, आणि जळका वास येतोय, म्हणजे प्लेटा जळल्यात. आणि स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी लगेच बंद करा. तेल थंड करायची नळी पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या आतून जाते. ती आत फुटली की कूलंट तेलात मिसळतं, आणि पाणी लागलं की प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं.

दुसरं, बाहेरचं सगळं. बॅटरीचा व्होल्टेज, अर्थची वायर, गिअरच्या दांड्याची केबल, इंजिनाचं माउंटिंग. माउंटिंग तुटलं तरी गिअर बदलताना धाडकन आवाज येतो, आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सला शिव्या बसतात.

तिसरं, स्कॅनर. पण फक्त इंजिनाचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर पुरत नाही. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलणारा हवा. पी ०७०० हा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सकडे काहीतरी तक्रार आहे, आत जाऊन बघा. नुसता हा कोड दाखवून कोणी गिअरबॉक्स बदला म्हणालं, तर उठून या. पी ०७३१ म्हणजे पहिल्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, प्लेट घसरत असू शकते. पी ०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा लॉकअप लागत नाही.

सरांच्या गाडीत आला पी ०७२२. म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या स्पीड सेन्सरकडून सिग्नलच नाही.

आता इथं दुसरा सापळा आहे. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणून लगेच सेन्सर बदलायचा नाही. कोड सांगतो सिग्नल येत नाही. का येत नाही, ते आपण शोधायचं. मल्टिमीटर लावला. सेन्सरला विजेचा पुरवठा येत होता, पण वायर हलवली की जात होता. बॅटरीचा ट्रे काढला आणि खाली बघतो तर वायरिंगवर उंदराचे दात! वेष्टण कुरतडलेलं, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, दोन-तीन धाग्यांवर लटकलेली. रस्त्याचा दणका बसला की तुटायची, परत टेकायची.

खराब तुकडा कापला, नवी वायर डाखली, वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवली, कपलर साफ केला, आणि वायरिंग जरा उंचावरून फिरवलं. सोलेनॉइडचा रोधही मोजून घेतला. त्या जातीच्या गाडीला साधारण तीन ओहम यायला हवा, तसा आला. तेल तपकिरी होतं, ते बदललं. बदललं म्हणजे एकदा काढून भरलं असं नाही. बोल्ट काढल्यावर निम्मंसुद्धा तेल बाहेर येत नाही, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काढायचं, भरायचं, थोडी चालवायची, असं तीनदा केलं. आणि तेल पुस्तिकेत लिहिलेलंच. त्या गाडीला एसपी-३ लागतं. कुठल्याला डेक्सरॉन, कुठल्याला डब्ल्यूएस. सगळी लाल दिसतात, म्हणून एक समजू नका. प्लेटा किती घट्ट धरायच्या हे तेलाच्या गुणावर ठरतं.

मग स्कॅनर लावून सरांना बरोबर घेतलं आणि दौलताबादच्या घाटात दोनदा खाली-वर केलं. कोड आला नाही. परत आल्यावर सर स्टिअरिंग सोडेनात. म्हणाले, "मी तर मनानं विकली होती हो."

माझी चूक

हे ऐकून वाटेल, मिस्त्री फार हुशार. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. ती मी पूर्वी कुठं सांगत नसे.

धंद्याची सुरुवातीची वर्षं होती. एक गाडी आली, चढावर आणि वळणावर गिअर घसरतो अशी. इंजिनचा आवाज वाढतो, गाडी पुढे जात नाही. मी चक्कर मारली आणि ठरवून टाकलं, प्लेटा गेल्या. गिअरबॉक्स उतरवला, टेबलावर पसरला. आणि बघतो तर प्लेटा चांगल्या! अस्तर जाग्यावर, जळका वास नाही.

दोष काय होता? कूलरची रबरी नळी क्लिपेपाशी झिरपत होती. तेल कमी झालेलं. सपाटीवर पंपाला तेल पुरायचं. चढावर किंवा वळणावर तेल एका बाजूला गेलं, की पंप हवा ओढायचा, दाब पडायचा, प्लेटा घसरायच्या. पट्टी काढून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बघितली नाही.

आता माझ्यापुढं उघडा पडलेला गिअरबॉक्स, आणि मालक संध्याकाळी येणार. मी नवीन प्लेटा टाकल्या, नळी बदलली, आणि मालकाला सांगितलं, "प्लेटा गेल्या होत्या." पैसे पूर्ण घेतले. गाडी छान चालली. त्यांनी वर पेढे आणून दिले. ते पेढे मला गोड लागले नाहीत.

वर्षभरानं ते परत सर्व्हिसिंगला आले, तेव्हा खरं सांगितलं आणि मजुरी परत दिली. ते रागावले. पुन्हा आले नाहीत. बरोबरच केलं त्यांनी. पण त्या दिवसापासून गॅरेजमध्ये दोन नियम झाले. तपासणीचा क्रम कागदावर लिहायचा, एकेका ओळीवर खूण केल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि काढलेला जुना भाग मालकाच्या हातात द्यायचा. गिऱ्हाइकानं हात काळे केले तरी चालतील, पण त्यानं बघायला पाहिजे.

हा क्रम गिऱ्हाइकाला मिस्त्रीपासून वाचवतो. आणि मिस्त्रीला त्याच्या स्वतःच्या घाईपासून.

खरंच गेला असेल तर

काही गिअरबॉक्स खरंच जातात. तेही सांगायला पाहिजे, नाहीतर उद्या तुम्ही जळलेल्या डब्यात वायर शोधत बसाल.

तेल आणि कोड बघून शंका उरली तर पुढच्या चाचण्या. एक, ब्रेक दाबून न्यूट्रलमधून डी मध्ये टाका आणि धक्का जाणवेपर्यंत वेळ मोजा. पुष्कळ जुन्या गाड्यांत सव्वा सेकंदाच्या आत गिअर लागायला हवा, रिव्हर्सला दीड सेकंद. जास्त लागला तर दाब कमी किंवा प्लेट झिजलेली. दोन, स्टॉल टेस्ट. ही घरी करू नका, पाहिलेल्या मिस्त्रीकडून करून घ्या. चाकांना दगड, हँडब्रेक, पायाचा ब्रेक पूर्ण दाबलेला, समोर कोणी उभं नाही. मग डी मध्ये टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण, पाच सेकंदांच्या आत सोडायचा. इंजिन पुस्तिकेतल्या आकड्याच्या वर पळालं तर आत काहीतरी घसरतंय. खाली राहिलं तर इंजिनच कमजोर, नाहीतर कन्व्हर्टरचा स्टेटर गेलेला. तीन, प्रेशर गेज लावून तेलाचा दाब मोजणे. हा पुरावा सगळ्यात पक्का.

मग चेंबर खोला. तळाला लोहचुंबक असतं. त्यावर बारीक करड्या रंगाचा लेप असणं नेहमीचं. पण चमचमते तुकडे, पत्र्याचे कण किंवा काळ्या अस्तराचा गाळ दिसला, तर मात्र उतरवायला पर्याय नाही.

अशी एक गाडी मला वेरूळकडून आली. बंद पडली होती बॅटरीमुळे, पण कोणीतरी पुढची चाकं रस्त्यावर ठेवून टोचन करून शहरापर्यंत ओढत नेली. लक्षात घ्या, या गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं आतले गिअर फिरवत राहतात, पण तेल पोहोचत नाही. कोरडं घासत ग्रहचक्राचे बुश गेले. हजार-दोन हजार वाचवायला गेले आणि सगळा डबा घालवला.

तो आम्ही पूर्ण खोलला. थोडक्यात सांगतो, म्हणजे मिस्त्री काय करतोय हे तुम्हाला कळेल. प्रत्येक पायरीचा फोटो, कारण व्हॉल्व्ह बॉडीत लहान गोळ्या असतात आणि एक जरी जागा चुकली तरी एक गिअर लागणार नाही. बोल्ट लहान-मोठे असतात, पुठ्ठ्यावर नकाशा काढून त्यात टोचून ठेवायचे. पुसायला सुती चिंध्या नाहीत, त्यांचे धागे गल्ल्यांत अडकतात. नवीन प्लेटा बसवायच्या आधी नव्या तेलात भिजत घालायच्या. गोळ्या आणि वॉशर जागेवर चिकटवायला ग्रीस नाही, औषधाच्या दुकानातलं पेट्रोलियम जेली, कारण ते तेलात विरघळतं. प्लेटांच्या गठ्ठ्यातली फट फिलर गेजनं मोजायची. मग तेलाच्या वाटेनं हवा मारून बघायची, क्लच बसला की 'थप्' असा गच्च आवाज येतो. नुसती हवा फुसफुसली तर सील गळतंय, परत खोला.

आणि दोन गोष्टी, ज्या घाईत राहतात. कूलर आणि त्याच्या नळ्या आतून धुवायच्या, नाहीतर जुन्या डब्याचा कचरा नव्या डब्यात. आणि कन्व्हर्टर बसवताना तो टप्प्याटप्प्यानं पूर्ण आत गेला पाहिजे. अर्धवट बसवून बोल्ट आवळले, तर पंप तिथंच फुटतो. शेवटी स्कॅनरनं कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसून त्याला नव्या प्लेटा शिकवायच्या.

घाटातल्या माणसासाठी

गिअरबॉक्सचा शत्रू एकच, उष्णता. नेहमी तेल ८०-९० अंशांच्या आसपास असतं. ढोबळ हिशेब असा, की त्यावर दर १० अंश वाढले की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. आता हनुमान जयंतीची गर्दी आठवा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी वेरूळची रांग. ऊन, चढ, गाडी मुंगीच्या पावलानं. पंखे एकमेकांवर घसरत राहतात, आणि घसरण म्हणजे उष्णता. अशा वेळी दांडा २ वर किंवा एल वर घ्या. गाडी चढावर ॲक्सिलरेटरनं धरून ठेवू नका, ब्रेकनं धरा. फार वेळ उभं राहायचं असेल तर न्यूट्रल करा. पार्कमध्ये टाकायच्या आधी हँडब्रेक ओढा, नाहीतर गाडीचं सगळं वजन आतल्या एका लहानशा खुंटीवर येतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : घाट उतरताना न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

नाही वाचत. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर, आणि ते तापले की धरत नाहीत. म्हैसमाळवरून उतरताना तर हे अजिबात करू नका.

प्रश्न : आमच्या एका नातेवाइकानं तेल बदललं आणि आठ दिवसांत गिअरबॉक्स गेला. मग जुनं तेल तसंच ठेवलेलं बरं नाही का?

हे मी खूप ऐकतो. बहुतेक वेळा माणूस तेल बदलतो कधी? गाडी घसरायला लागल्यावर. म्हणजे प्लेटा आधीच गेलेल्या, नाव नव्या तेलाचं होतं. दुसरं, फार जुन्या गाडीत मशीन लावून जोरात धुतलं तर साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. म्हणून हळूहळू, काढून-भरून बदला. आणि दुखणं सुरू व्हायच्या आधी बदला.

प्रश्न : दुरुस्तीपेक्षा जुन्या बाजारातला गिअरबॉक्स बसवला तर?

चालतं, पण तो तुमच्यासाठी अंधारातला डबा आहे. बसवायच्या आधी त्याचं चेंबर खोलून चुंबक बघा, तेलाचा वास घ्या, नंबर जुळतोय का ते तपासा. विकणारा चेंबर खोलू देत नसेल तर घेऊ नका.

प्रश्न : वर्कशॉपमध्ये नेमकं काय विचारायचं? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

तीनच गोष्टी विचारा. तेल कसं होतं, मला दाखवा. कोड कोणता आला, लिहून द्या. आणि कोणत्या चाचणीवरून तुम्ही म्हणताय की आतून गेला? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूश होतो. उत्तर न देता नुसता आकडा सांगितला, तर गाडी घेऊन दुसरीकडे जा. पण टोचन करून नाही हं, ट्रकवर चढवून.